जुन्या लॅपटॉपला मोठी डिस्क: आधी नक्कल, मग स्क्रू ड्रायव्हर

सांगलीचे आमचे काका घरबसल्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि पतसंस्थांचे अहवाल टाइप करून देतात. २०११ सालचा थिंकपॅड टी४२०, त्यात ३२० जीबीची हार्ड डिस्क, आणि सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल. ऐन लग्नसराईत मशीन सुरू व्हायला अडीच मिनिटं लागायची. "टाका आता, नवीन घ्या," असं तिघांनी सांगून झालं होतं. नवीन घेण्याइतके पैसेही होते. अडचण दुसरीच होती. काकांची वीस वर्षांची कामं युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, आणि ते फॉन्ट, त्यांचं सॉफ्टवेअर, कीबोर्डची सवय हे सगळं त्या विंडोज ७ वर बसलेलं. तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसती चिन्हांची रांग दिसते. म्हणून विंडोज नव्याने टाकायचं नाही, आहे ती डिस्क जशीच्या तशी मोठ्या डिस्कवर उतरवायची, असं ठरवलं. तुमच्याकडे असा जुना, पण कामाचा लॅपटॉप असेल तर हीच वाट धरा.

कोणती डिस्क घ्यायची

साधारण २००६ ते २०१५ मधल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा डिस्क असते. ओळखायला सोपी: जोडणीच्या टोकाला दोन सपाट पट्ट्या, एक आखूड आणि एक लांब. तिथे टाचण्यांसारख्या पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर ती त्याआधीची आयडीई डिस्क. तिच्यासाठी हा खटाटोप करू नका.

जागेइतकीच जाडी महत्त्वाची. बहुतेक लॅपटॉपचे खण ७ किंवा ९.५ मिलिमीटरचे असतात. २.५ इंचीत ४ आणि ५ टीबीच्या फिरत्या (म्हणजे साध्या हार्ड) डिस्क मिळतात, पण त्या १५ मिलिमीटर जाड असल्यामुळे लॅपटॉपमध्ये शिरतच नाहीत. ७ मिलिमीटरमध्ये फिरती डिस्क २ टीबीपर्यंतच मिळते. डिस्कचे भाग पाडण्याच्या जुन्या, एमबीआर पद्धतीलाही साधारण २.२ टीबीपुढची जागा दिसत नाही, त्यामुळे २ टीबीपर्यंत थांबलेलं बरं.

फिरती हार्ड डिस्क की एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क)? माझं मत स्पष्ट आहे, एसएसडी घ्या. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला नुसती अर्धी फेरी पूर्ण व्हायला साडेपाच मिलिसेकंद लागतात, त्यात काटा सरकण्याचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फाइली वाचल्या जातात आणि तिथेच ती दोन-अडीच मिनिटं जातात. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तेच वाचन दहावा-विसावा हिस्सा मिलिसेकंदात होतं. लग्नाचे व्हिडिओ साठवण्यासारखं काम असेल आणि भरपूर जागा स्वस्तात हवी असेल, तरच फिरती डिस्क. आम्ही १ टीबीची साटा एसएसडी घेतली. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं, कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत, एवढाच फरक.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन कुठेही घ्या, पण बिल आणि वॉरंटीसकट घ्या. कवडीमोलाने मिळणारी '१६ टीबी एसएसडी' खोटी असते. ती संगणकाला खोटा आकडा सांगते आणि खरी जागा संपली की पुढच्या फाइली गिळते.

जुन्या डिस्कची नाडी बघा

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या ओळीपुढचा कच्चा आकडा ('रॉ व्हॅल्यू') शून्य हवा. तो वाढत असेल किंवा डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, तर नकलेच्या फंदात न पडता आधी सगळ्यात मोलाच्या फाइली बाहेर काढा. आजारी डिस्कला तीन तास सलग पळवलं तर ती वाटेतच राम म्हणू शकते.

डिस्क ठणठणीत असली तरी कामाचा मुख्य फोल्डर एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्याच. माझ्या आईचे सहा वर्षांचे फोटो एका दुकानात डिस्क बदलताना गेले. जुनी डिस्क त्यांनी लगेच फॉरमॅट करून टाकली होती. तेव्हापासून दुसरी प्रत हातात आल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही.

नक्कल

लागणाऱ्या वस्तू तीन: साटाला यूएसबी जोडणारी केबल किंवा केस, एक रिकामा पेनड्राइव्ह आणि क्लोनझिला. डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं हे मोफत सॉफ्टवेअर रूफस या छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवायचं. ते विंडोजच्या बाहेर चालतं, त्यामुळे कुठलीही फाइल 'वापरात आहे' म्हणून सुटत नाही.

आधी जुन्या विंडोजमध्ये थोडी आवराआवर करा. रिसायकल बिन रिकामी करा, सी ड्राइव्हवर एकदा चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारं विंडोजचं साधन) चालवा. विंडोज ८ किंवा १० असेल तर 'फास्ट स्टार्टअप' बंद करून मशीन पूर्ण शटडाउन करा, कारण एरवी विंडोज अर्धवट झोपेत राहतं. बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर तोही आधी काढा.

मग नवी डिस्क केबलने जोडा, पेनड्राइव्ह लावा, मशीन सुरू करून एफ१२ दाबा आणि पेनड्राइव्ह निवडा. एफ१२ थिंकपॅडचं झालं, इतर कंपन्यांची कळ वेगळी असू शकते. क्लोनझिलात 'डिव्हाइस-डिव्हाइस', मग 'बिगिनर', मग 'डिस्क टु लोकल डिस्क'.

आता जो पडदा येतो तिथे फोन बाजूला ठेवा. आधी 'सोर्स' विचारतात, म्हणजे जिथून घ्यायचं ती डिस्क, आणि नंतर 'टार्गेट', म्हणजे जिच्यावर लिहायचं ती. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि वीस वर्षांचं काम पुसलं जातं. नावं एसडीए, एसडीबी अशी सारखीच दिसतात, म्हणून नावावर जाऊ नका, आकार बघा. आमच्याकडे ३२० जीबी सोर्स आणि १००० जीबी टार्गेट. काकांना शेजारी बसवून मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले, त्यांनी "हो" म्हटलं, मगच पुढची कळ दाबली. क्लोनझिला स्वतःही दोनदा विचारतं. दोन्ही वेळा परत वाचा.

विभागणीबद्दल विचारलं तर मूळ डिस्कचीच ठेवा, म्हणजे 'के०'. प्रमाणात वाढवण्याचा पर्यायही असतो, पण त्यात कंपनीचा रिकव्हरीचा (विंडोज पूर्ववत करण्याचा) भागही उगाच फुगतो.

टी४२०ला यूएसबी २.० आहे. त्यातून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे जीबीला तीन तासांच्या आसपास. चार्जर लावलेला आणि बॅटरीही बसवलेली असू द्या. मध्येच वीज गेली तर बॅटरी सांभाळून घेते. आमच्याकडे दुपारी वीस मिनिटं लाइट गेलीच.

बसवणं

हे सगळ्यात सोपं काम, दहा मिनिटांचं. मशीन बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. नळाच्या किंवा खिडकीच्या गजाच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. टी४२०ला तळाशी एकच स्क्रू सोडला की बाजूचं झाकण सरकतं आणि डिस्क पट्टीला धरून आडवी बाहेर येते. ओढताना वर उचकटू नका, जोडणीच्या रेषेतच सरळ ओढा. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट आणि रबरी पट्ट्या नव्या डिस्कवर चढवा. खण ९.५चा आणि डिस्क ७ची असेल तर ती थोडी हलते. त्यासाठी मिळणारी प्लॅस्टिकची पातळ चौकट वरून चिकटवा. स्क्रू हलक्या हाताने बसतील तेवढेच आवळा, इथे जोर लागत नाही.

पहिली सुरुवात

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क यूएसबीला जोडलेली ठेवू नका. दोन्हींची ओळख-संख्या एकच असते आणि विंडोजचा गोंधळ होतो. बायॉसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरचं) साटाचं सेटिंगही आहे तसंच ठेवा. ते बदललं तर निळा पडदा येऊ शकतो.

विंडोज सुरू झाल्यावर नवं उपकरण सापडल्याचं सांगून एकदा रीस्टार्ट मागेल, तो द्या. मग 'डिस्कएमजीएमटी.एमएससी' (diskmgmt.msc, विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट) उघडा. उरलेली जागा काळ्या पट्टीत दिसेल. ती सी ड्राइव्हला लागूनच असेल तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' चालतं. आमच्याकडे मध्ये रिकव्हरीचा भाग होता, म्हणून तो पर्याय फिका पडलेला. असा भाग हलवता येतो, पण चालू घडी विस्कटण्यापेक्षा मी त्या जागेचा नवा ड्राइव्ह केला आणि काकांच्या कामाचे फोल्डर तिकडे नेले. सी मोकळा झाला.

मशीन आता अर्ध्या मिनिटात सुरू होतं. पण खरी परीक्षा म्हणून काकांनी २००४ सालची एक पत्रिका उघडली. 'श्री गजानन प्रसन्न'पासून 'आपले नम्र'पर्यंत प्रत्येक जोडाक्षर जागेवर होतं. तुम्हीही तुमची सगळ्यात जुनी फाइल उघडून बघा, आणि एखादं पान छापून बघा.

विंडोज ७ला जानेवारी २०२०पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. काकांच्या लॅपटॉपचं वायफाय म्हणून बंदच असतं. तयार पीडीएफ पेनड्राइव्हने दुसऱ्या मशीनवर जाते आणि तिथून गिऱ्हाइकाला.

जुनी डिस्क निदान दोन-तीन महिने पुसू नका. काकांनी तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात, कोरड्या डब्यात ठेवली आहे. दिवाळीपर्यंत काही अडलं नाही तर ती फॉरमॅट करून यूएसबी केसमध्ये घालायची आणि दर शनिवारी नव्या कामांची प्रत तिच्यावर घ्यायची, असं ठरलंय.