विंडोज, मॅक की लिनक्स? घरचा कॉम्प्युटर ठरवण्याआधी करायच्या गोष्टी

दहावी-बारावीचे निकाल लागले की, आणि नंतर दिवाळीच्या तोंडावर, मला नातेवाइकांचे फोन येतात. प्रश्न एकच, "लॅपटॉप कुठला घेऊ?" पूर्वी मी फटकन नाव सांगून मोकळा व्हायचो. हल्ली उलट विचारतो, "बिघडला तर पहिला फोन कुणाला लावणार?" पलीकडे शांतता. मग हळूच, "तुलाच की!"

विंडोज, ॲपलचं मॅक आणि लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या तीन सिस्टिम. त्यांतली आपली आवड म्हणतो ती बरीचशी हाताची सवय असते. आपल्याकडे ज्यांनी एमएस-सीआयटी केलं, त्यांच्या बोटांत विंडोज बसलं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतात, त्यांना त्यात काही अवघड वाटत नाही. म्हणून "मॅक आपल्याला झेपत नाही" किंवा "विंडोज म्हणजे नुसती कटकट" असं कुणी म्हणालं की मी ते अर्धंच मनावर घेतो. आवड जरूर असावी, पण पैसे मोजण्याआधी ती एकदा तपासून घ्यावी. आठवडाभर पुरतो.

पायरी १ : फ्रिजवर कागद चिकटवा

घरातलं जो कुणी कॉम्प्युटरवर बसेल, त्यानं उठताना काय केलं ते एका ओळीत लिहायचं. सात दिवसांनी कागद काढा आणि ब्राउझरमध्ये झालेली कामं पेन्सिलीनं खोडा. लाइट बिल, बँक, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब, परीक्षेचा फॉर्म, ईमेल ही कामं तिन्हीकडे सारखीच होतात. बहुतेक घरांत इथंच निम्म्याहून जास्त कागद खोडला जातो.

उरलेल्या ओळी नीट वाचा, कारण निकाल त्यांच्यात आहे. घरात हिशेबाचं काम असेल आणि टॅलीप्राइम लागत असेल, तर विंडोज घ्या. डीटीपीचं काम असेल, श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली उघडाव्या लागत असतील, तरीही विंडोजच. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्याचं सॉफ्टवेअर कुठल्या सिस्टिमवर चालतं ते टोकन देणाऱ्याला आधी विचारा. ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर आहे, लिनक्सवर नाही. व्हिडिओ एडिटिंगसाठी फायनल कट प्रो हवं असेल, तर मॅकला पर्याय नाही. मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर मॅक आणि लिनक्स दोन्ही बाद, आणि घरात भांडण नको असेल तर हे त्याला खरेदीआधीच विचारून घ्या.

"मॅक घेऊ आणि त्यातच विंडोज चालवू" असं काहीजण म्हणतात. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलनं स्वतःच्या एम मालिकेच्या चिप आणल्या. त्या मॅकवर बूट कॅम्प (मॅकमध्ये विंडोज टाकण्याची ॲपलची सोय) चालत नाही, वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. एका टॅलीसाठी एवढं करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

पायरी २ : जुनं मशीन लगेच मोडीत काढू नका

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्या निमित्तानं अनेक धडधाकट लॅपटॉप विनाकारण म्हातारे ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट ॲप चालवा, तुमचं मशीन पात्र आहे की नाही ते दोन मिनिटांत कळेल. पात्र नसेल, पण कीबोर्ड आणि स्क्रीन ठीक असतील, तर एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान डिस्क) बसवून त्यावर लिनक्स टाकता येतं. त्याआधी ते अंगवळणी पडतं का ते पाहा.

पायरी ३ : लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवा

नवख्यांना मी लिनक्स मिंट सांगतो, कारण खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू ही मांडणी विंडोजवाल्याला ओळखीची वाटते. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका). मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल) उतरवा आणि रूफस या छोट्या प्रोग्रामनं ती पेन ड्राइव्हवर चढवा. मशीन रिस्टार्ट करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबत राहा. कंपनीगणिक बटण वेगळं असतं. यादी आली की पेन ड्राइव्ह निवडा.

समोर पूर्ण डेस्कटॉप उघडेल. त्यावरच्या इन्स्टॉलच्या चित्रावर क्लिक करून पुढे जात नाही, तोवर तुमच्या मूळ विंडोजला धक्का लागत नाही. एक काळजी मात्र घ्या. अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) चालू असतं, तेव्हा त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर उतरवून ठेवा.

आता वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर एकेक करून तपासा. झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का तेही पाहा. माझ्या एका जुन्या लॅपटॉपला वाय-फाय दिसेचना. फोन केबलनं जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं (यूएसबी टेदरिंग), वाय-फाय चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम उतरवला, मग दिसलं. एवढ्यानं तुमचं डोकं तापणार असेल तर लिनक्स तुमच्यासाठी नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पेन ड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

पायरी ४ : मॅकवर अर्धा तास बसा

मॅक असा पेन ड्राइव्हवरून चाखता येत नाही. मुंबईत बीकेसीला (एप्रिल २०२३ पासून) आणि पुण्यात कोरेगाव पार्कला (सप्टेंबर २०२५ पासून) ॲपलची स्वतःची दुकानं आहेत. इतर गावांत अधिकृत विक्रेते सापडतात. तिथं जाऊन स्क्रीन किती सुंदर आहे हे बघत बसू नका, ती सुंदरच असते. फाइल निवडून एंटर दाबा. उघडणार नाही, नाव बदलायला मागेल. लाल बटण दाबून खिडकी बंद करा, बहुतेक ॲप मागे चालूच राहील. कॉपी करायला कंट्रोल नव्हे, कमांड. या गोष्टींची मजा वाटते की चीड येते, ते स्वतःलाच विचारा.

घरी विंडोजवर भरलेली हार्ड डिस्क असेल तर ती बहुधा एनटीएफएस पद्धतीची असते. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. आणि मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, जी काय हवी ती घेतानाच घ्या.

पायरी ५ : मराठी टाइप करून बघा

ही पायरी कुठलाच दुकानदार सुचवत नाही. जिथं जाल तिथं मराठी कीबोर्ड चालू करून हे वाक्य लिहा : "दुसऱ्या तऱ्हेचं ॲप ऑफिसात उघडलं." 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' झाला, किंवा 'ॲ' सापडलाच नाही, तर रोज डोकेदुखी होणार. इन्स्क्रिप्ट शिकलात तर हा प्रश्नच मिटतो, कारण तो प्रमाणित कीबोर्ड तिन्ही सिस्टिममध्ये आधीपासून असतो. 'ऱ्य' हवा असेल तर शिफ्ट-जे, डी आणि मग तिरकी रेघ. फोनेटिक, म्हणजे 'केए' दाबून 'क' मिळवण्याची पद्धत, मात्र तिन्हीकडे थोडी थोडी वेगळी आहे. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक २०१९ च्या मे अपडेटपासून आहे.

पायरी ६ : ब्रँडचं काय?

"आमच्याकडे पहिल्यापासून अमुकच कंपनी" याला मी फारशी किंमत देत नाही. एकच कंपनी तकलादू स्वस्त मॉडेलही विकते आणि दणकट महागडंही. आतला प्रोसेसर बहुतेक वेळा इंटेलचा नाहीतर एएमडीचाच असतो. फरक पडतो कीबोर्ड, बिजागरी, स्क्रीन आणि सर्व्हिसमध्ये. माझ्या एका लॅपटॉपची बिजागरी दीड वर्षात तुटली आणि सर्व्हिस सेंटर दोन तालुके ओलांडून. तेव्हापासून मी आधी सेंटरचा पत्ता बघतो, घरी येऊन दुरुस्ती मिळते का विचारतो, रॅमची जागा रिकामी आहे का पाहतो, आणि मग रंग.

पायरी ७ : आता तो फोन

सगळं तपासूनही दोन पर्याय बरोबरीत राहिले, तर तुमच्या हाकेला येणारा माणूस जे वापरतो ते घ्या. मामांनी गेल्या वर्षी यातलं सगळं केलं, मिंट त्यांना आवडलंही होतं. शेवटी घेतलं विंडोजच. खालच्या मेडिकलवाल्याला तेच येतं, आणि तो दुकान बंद करून रात्री दहालाही वर येतो.