वसतिगृहात, बालगृहात मनाची चाचणी घेताय? या चुका टाळा

आश्रमशाळेत किंवा बालगृहात पीएचक्यू-9 (नैराश्य तपासणारे नऊ प्रश्न) नाहीतर एसडीक्यू (मुलांच्या भावना-वागणुकीतल्या अडचणी तपासणारी प्रश्नावली) यांचे कागद वाटले जातात, तासाभरात भरून परत येतात आणि ‘फक्त चार मुलं धोक्याच्या गटात’ असा अहवाल तयार होतो. तो आकडा मुलांच्या मनाचा कमी आणि त्या खोलीतल्या वातावरणाचा जास्त असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शिस्त राहावी म्हणून अधीक्षकांना खोलीत उभं करणं. कागद कोण वाचणार, हे ताडूनच मूल खूण करतं. निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलाला वाटतं, हे बाल न्याय मंडळापुढे जाईल; तो सगळीकडे ‘अजिबात नाही’ लिहितो. घरची ओढ लागलेली मुलगी ‘जवळजवळ रोज’वर खुणा करत सुटते, कारण आजारी ठरलो तर घरी पाठवतील असं तिनं ऐकलेलं असतं. दोघंही खोटारडी नाहीत, आपापला हिशेब मांडून वागतायत. म्हणून कागद वाटण्याआधीच सांगा: हे कोण पाहणार, कुठे ठेवणार, पुढे काय होणार. मात्र ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. लैंगिक अत्याचार उघड झाला तर 2012च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार तो कळवावाच लागतो. शब्द मोडला की त्या वसतिगृहात तुम्हाला पुन्हा कुणी खरं सांगणार नाही.

आणि अल्फा, म्हणजे उत्तरं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा, चांगला आला म्हणून हुरळून जाऊ नका. एकानं भीतीपोटी सगळीकडे शून्य (‘अजिबात नाही’) लिहिलं, दुसरीनं आशेपोटी सगळीकडे तीन (‘जवळजवळ रोज’), की उत्तरं आपसात छान जुळतात आणि अल्फा वर चढतो. जुळणं म्हणजे खरं असणं नव्हे.

भाषेचं तर विचारूच नका. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या, भामरागडात माडिया बोलणाऱ्या मुलापुढे पुस्तकी मराठीतलं ‘निरुत्साही वाटणे’ ठेवून काय मिळणार? एकेकाला बाजूला घेऊन तोंडी विचारा. दुभाषी म्हणून वरच्या वर्गातला मुलगा नको. लहान मुलाला रात्री त्याच्याच खोलीत झोपायचं असतं. ‘मागील दोन आठवड्यांत’ हेही हवेत राहतं. ‘मागचे दोन आठवडी बाजार झाले तेव्हापासून’ म्हटलं की मूल नीट आठवून सांगतं.

झोप आणि भूक या प्रश्नांना गुण मिळाले तर कारण विचारा. गादीत ढेकूण असतील किंवा भाजी रोज तीच असेल, तर ते नैराश्य नाही.

एसडीक्यूत 25 विधानं असतात आणि अडचणींचे गुण काढताना त्यातली पाच उलटी मोजायची असतात. म्हणून सगळ्या खुणा एकाच रकान्यात असतील तर उत्तरं एकमेकांना खोडतात; मुलानं बहुधा वाचलेलंच नाही. बेरीज करत बसू नका, त्याच्याशी बोला.

पीएचक्यू-9मध्ये दहा गुण म्हणजे आजार, हाही एक लाडका गैरसमज. 27पैकी 10ची ती रेघ 2001 साली अमेरिकेतल्या दवाखान्यांत आलेल्या प्रौढांवर तपासली गेली. तिथे आजार असणारे 88 टक्के पकडले गेले आणि नसणारेही 88 टक्के बरोबर सुटले. तीच अचूकता इथे मिळाली असं उदारपणे धरू. हजार मुलांत शंभरांना खरोखर नैराश्य असेल, तर 88 सापडतील, पण उरलेल्या 900मधली 108 धडधाकट मुलंही यादीत येतील. म्हणजे यादीतली निम्म्याहून जास्त नावं चुकीची. अशी यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडी पडली की पोरांना चिकटायचं ते नाव चिकटतंच. यादी फक्त समुपदेशकाकडे द्या आणि प्रत्येकाची सविस्तर मुलाखत होईपर्यंत कुणालाही ‘रुग्ण’ म्हणू नका.

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो बेरजेत बुडू देऊ नका. एकूण गुण तीन असतील, पण नवव्यापुढे ‘काही दिवस’ असेल, तर आवार सोडण्याआधी, त्याच दिवशी, त्या मुलाशी एकट्यात बोला. आत्ता तसा विचार आहे का, काही ठरवलंय का, हे सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे नेण्याची सोय लगेच करा. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.