पोटरी दुखते म्हणून थेट स्टेंट? आधी या चुका टाळा

चालताना पोटरीत गोळा येतो, थोडं उभं राहिलं की जातो, तेवढंच चाललं की पुन्हा येतो. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पायाच्या धमनीत अडथळा दिसला की पेशंट फिजिओथेरपीला येतात खरे, पण अर्धं मन स्टेंटमध्ये (धमनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळी) असतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दुखायच्या आत थांबणं. एसटीतून निवृत्त झालेले एक काका तक्रार घेऊन आले: रोज तासभर चालतो, काडीचा फरक नाही. दुखायला लागल्यावर काय करता, विचारलं. "दुखायच्या आधीच बाकावर बसतो ना! मुद्दाम कशाला दुखवून घ्यायचं?" सोसायटीतला कुठला बाक दुखण्याच्या अलीकडे आहे, हे त्यांना पाठ! याला फेरफटका म्हणतात. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये चालवलं. चांगलं दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा. विश्रांती धरून पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, किमान बारा आठवडे. सुरुवातीला काका माझ्यावर जाम चिडायचे. तिसऱ्या महिन्यात मंडईतून पिशवी घेऊन न थांबता घरी पोचले. लोक मात्र दहाव्या दिवशीच 'गुण नाही' म्हणून सोडतात.

अमेरिकेतल्या 'क्लेव्हर' चाचणीत (2012) पोट आणि कमरेच्या भागातल्या धमन्यांत अडथळा असलेले पेशंट होते. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवरचा वेळ देखरेखीखालच्या व्यायामाने सरासरी 5.8 मिनिटं वाढला, स्टेंटने 3.7, नुसत्या औषधांनी 1.2. आयुष्य सुधारल्याचं मात्र स्टेंटवाल्यांनी जास्त सांगितलं, आणि दीड वर्षाने व्यायाम आणि स्टेंट हे दोन्ही गट जवळपास सारखेच. त्यामुळे मी स्टेंटच्या विरोधात नाही. तीन महिने नीट चालूनही कामं अडत असतील तर जरूर टाका.

'स्टेंट टाकला, आता चालायची कटकट गेली' ही दुसरी चूक. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत धमनी उघडून वर व्यायामही केलेले लोक नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त चालू लागले. म्हणजे चालणं तिथेही होतंच.

बिडी-तंबाखू चालू ठेवून या दोन्हींतलं काहीही करू नका.

रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उभं राहून नाही, तर वाकल्यावर किंवा बसल्यावरच आराम पडत असेल तर आधी कंबर तपासा.

पायातला अडथळा ओळखायला घोट्याचा रक्तदाब मोजतात; मधुमेह असेल तर तो फसवा चांगला येऊ शकतो. पायाच्या अंगठ्याचा मोजायला सांगा.

रात्री पाय पलंगाखाली सोडल्याशिवाय झोप येत नाही, जखम भरत नाही किंवा बोट काळं पडतंय? मग माझ्याकडे येऊच नका, त्याच दिवशी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे जा.