जादा दिव्यांचा भार आणि गाडीचा अल्टरनेटर : या चुका टाळा

पावसाळ्यात आंबोली, आंबा किंवा वरंधा घाटातून रात्री गाडी चालवणाऱ्याला मूळ हेडलाइटचा उजेड अपुरा वाटतो आणि बंपरवर दोन जादा दिवे चढतात. काही महिन्यांनी ते दिवे मंद दिसू लागतात, सकाळी गाडी सुरू होताना कुरकुर करते, आणि गॅरेजमध्ये ‘डायनॅमो कमी पडतोय’ असा निदानाचा शिक्का बसतो. बहुतेक वेळा डायनॅमो, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर, निर्दोष असतो. दोष त्याच्यापासून दिव्यापर्यंतच्या वायरमध्ये, अर्थिंगमध्ये (प्रवाह बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत) किंवा सुरुवातीलाच न मांडलेल्या हिशेबात असतो.

हिशेबातली नेहमीची चूक म्हणजे अल्टरनेटरवर छापलेला आकडा सदासर्वकाळ मिळतो असे धरून चालणे. ७५ अँपिअरचा अल्टरनेटर तेवढा प्रवाह देतो तो स्वतः मिनिटाला सुमारे ६,००० फेरे फिरत असताना. इंजिन न्यूट्रलवर आठशेच्या आसपास फेऱ्यांवर असते, तेव्हा पुलीच्या प्रमाणामुळे अल्टरनेटर दोन हजारांच्या आसपास फिरतो आणि प्रवाह निम्म्यावर येतो, गरम झाल्यावर आणखी थोडा घटतो. आता भर पावसात घाटात वाहतूक खोळंबली आहे असे समजू. इंजिन आणि इंधनपंपाला दहा अँपिअर, डिप्परसह (हेडलाइटच्या खालच्या झोतासह) मागचे-पुढचे दिवे मिळून बारा, वायपरला चार, काचेवरची वाफ घालवण्यासाठी मध्यम गतीवर ठेवलेल्या ब्लोअरला आठ आणि अधूनमधून सुरू होणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याला दहा, म्हणजे अंदाजे ४४ अँपिअर खर्च होतात. मागच्या काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर यात धरलेलाच नाही. जमेच्या बाजूला जेमतेम पस्तीस-चाळीस. ही तूट बॅटरी भरून काढते, आणि ती थोडा वेळच असते म्हणून गाडीचे निभावते. त्यात ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे जोडले की नऊ-दहा अँपिअर वाढतात, शंभर वॅटचे जोडले तर सतरा. हमरस्त्यावर हाच भार अल्टरनेटर सहज पेलतो. म्हणून किती वॅटचे दिवे घ्यायचे हे कोंडीत उभ्या असलेल्या गाडीच्या हिशेबाने ठरवावे.

यातूनच पुढची गोष्ट येते : लांब झोताच्या दिव्यांचा रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, अप्परच्या (हेडलाइटच्या वरच्या झोताच्या) वायरवरून चालवावा. हेडलाइट डिप्परवर आणला की हे दिवे आपोआप विझतात, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत आणि कोंडीत नको असलेला भारही उतरतो. रिलेला थेट बॅटरीवरून स्विच देण्याची पद्धत सोपी असली तरी घातक आहे, कारण किल्ली काढल्यावरही दिवे चालू राहू शकतात. ११० वॅटचा भार ३५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरीदेखील चार तासांच्या आत रिकामी करतो, आणि स्टार्टर फिरवण्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी संपते. धुक्यासाठी वेगळे, रुंद झोताचे, खाली बसवलेले पिवळे किंवा पांढरे फॉग लॅम्प हवेत. लांब झोताचे दिवे धुक्यात लावले तर समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे वॅट वाढवून काहीही साधत नाही.

वायर आणि अर्थ : खरा उजेड इथेच गळतो

दिव्यांचा पूर्ण प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरवून आणणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर बॅटरीपासून स्विचपर्यंत आणि तिथून दिव्यापर्यंत मिळून सहा मीटर भरली, तर नऊ अँपिअर प्रवाहाला तिच्यातच सुमारे एक व्होल्ट गमवावा लागतो. साडेतेरा व्होल्टमधला एक व्होल्ट क्षुल्लक वाटेल, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ घटत नाही, फार वेगाने घटतो : व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. म्हणजे दिव्यासाठी मोजलेल्या पैशांपैकी पाचव्या हिश्शाचा उजेड वायरपायी गमवावा लागतो. हेच काम रिले लावून, अडीच स्क्वेअर एमएमच्या दोन मीटर वायरने केले तर घट ०.१३ व्होल्टच्या आसपास राहते आणि स्विचमधून रिलेच्या कॉइलपुरताच (रिले चालवणाऱ्या आतल्या वेटोळ्यापुरताच) किरकोळ प्रवाह जातो. बाजारातल्या स्वस्त तयार किटमधली वायर कित्येकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि जाड दिसते ती फक्त प्लास्टिकमुळे. टोक सोलून आतल्या तारा पाहिल्याशिवाय ती विकत घेऊ नये.

रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीची फ्यूज लावलेली वायर, ८७ ला दिवे, ८५ आणि ८६ ला कॉइल, ही जोडणी ठरलेली आहे. चूक होते ती अप्परचे कनेक्शन घेताना. काही गाड्यांत हेडलाइटला धन प्रवाह कायम मिळतो आणि स्विच अर्थच्या बाजूने चालतो, त्यामुळे ‘८५ बॉडीला लावून टाका’ हा सरसकट सल्ला तिथे चालत नाही. आधी टेस्टरने पाहावे, मग वायर जोडावी. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच असावा, कारण त्याच्या अलीकडचा वायरचा तुकडा बिनसंरक्षणाचा राहतो. दोन ५५ वॅटच्या दिव्यांना निळा, १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो वारंवार उडतो म्हणून हिरवा, ३० चा ठोकणे म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणे आहे.

अर्थबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण कोकणात दोन पावसाळे काढलेल्या गाडीत निम्मे रोग इथे सापडतात. दिव्याची ऋण वायर बंपरच्या रंगवलेल्या ब्रॅकेटवर स्क्रूने आवळलेली असते. रंगाखाली धातूचा स्पर्श जेमतेम, आणि पाणी शिरून तांब्यावर हिरवट थर चढलेला. दिवे मिणमिणतात, इंडिकेटरबरोबर त्यांचा उजेड लुकलुकतो, कधी रिले टकटक करतो. तपासणी सोपी आहे. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची लाल पिन दिव्याच्या ऋण वायरवर आणि काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर धरावी. ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसले तर अर्थ ठीक आहे, अर्ध्या व्होल्टच्या वर दिसले तर नाही. रंग खरवडून, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बसवून, बोल्ट घट्ट आवळून वर ग्रीस लावावे. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. अशा गाडीत जादा दिव्यांची अर्थ त्या टोकावर न देता बॉडीवरच द्यावी, अन्यथा चार्जिंग ठरवणाऱ्या संगणकाला हा खर्च दिसतच नाही.

एलईडी दिव्यांनी भार कमी होतो, हे खरे. पण त्यांचे ड्रायव्हर (दिव्याचा प्रवाह सांभाळणारी सर्किटे) व्होल्टेज घटले तरी उजेड टिकवण्यासाठी जास्त प्रवाह ओढतात, त्यामुळे खराब वायरिंग झाकले जाते आणि कपलर (वायरींचा जोड) वितळेपर्यंत लक्षात येत नाही. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा प्रवाह मोजलेला बरा. दिवे लावताच रेडिओत खरखर सुरू झाली, तर तोही स्वस्त ड्रायव्हरचाच प्रताप समजावा.

कायद्याची बाजू थोडक्यात : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १११ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवता येत नाही. छतावर दिव्यांची लांबलचक पट्टी बसवण्याआधी आरटीओत चौकशी करावी.

डायनॅमोवर संशय घेण्यापूर्वी

इंजिन चालू असताना बॅटरीची एक वायर काढून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची सवय अजून कित्येक ठिकाणी आहे. अल्टरनेटर येण्याआधीच्या, खऱ्या डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर उसळते आणि त्या झटक्यात रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), डायोड (एसीचे डीसी करणारा भाग) किंवा इसीएम (इंजिनचा संगणक) जाऊ शकतो. कोणी असे करू लागला तर त्याचा हात धरावा. मल्टिमीटर असताना या प्रयोगाची गरजच नाही.

इंजिन दोन हजार फेऱ्यांवर ठेवून सगळे दिवे, ब्लोअर आणि वायपर लावावेत व बॅटरीच्या टोकांवर मोजावे. १३.५ व्होल्टच्या आसपास किंवा वर असेल तर अल्टरनेटर पुरेसा आहे, आणि दिवे तरीही मंद असतील तर दोष वायरिंगमध्येच शोधावा. संगणकाने चार्जिंग नियंत्रित होणाऱ्या गाड्यांत हा आकडा वरखाली होतो, म्हणून तिथे काही मिनिटे पाहून मगच मत बनवावे. व्होल्टेज खरोखरच कमी असेल, तर आधी पट्टा पाहावा. भार पडताच तो किंचाळत असेल तर तो घसरतो आहे. त्यानंतर अल्टरनेटरच्या बी-प्लस (वीज बाहेर देणाऱ्या धन) टोकापासून बॅटरीच्या धन टोकापर्यंतची घट मोजावी. मग मीटर एसीवर लावून बॅटरीच्या टोकांवर पाहावे. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर डायोड गेल्याची शक्यता मोठी. एवढे झाल्यावर कार्बन (अल्टरनेटरमधले झिजणारे ब्रश) आणि रेग्युलेटर यांची पाळी येते, आणि पुष्कळदा तेवढेच बदलून काम भागते. दोन हजार फेऱ्यांवर सगळे नीट आणि फक्त न्यूट्रलवर व्होल्टेज साडेबाराच्या खाली जात असेल, तर नवा डायनॅमो घेण्याऐवजी शंभरचे बल्ब काढून ५५ चे लावावेत.