डॅन्यूबकाठी सायकलवर जाताय? आधी ब्रेक तपासा

आपल्या पुण्यातल्या ग्रुपसाठी ही टीप, जे जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना असं डॅन्यूबच्या काठाकाठानं सायकलवर जायचं ठरवतायत. रूट साधारण 300 किमीच्या वर, पण नदीबरोबर खाली जायचं असल्यामुळे बऱ्यापैकी सपाट, सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही. घोळ वेगळाच होतो. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिकडच्या सायकलींना बहुतेक वेळा डाव्या हाताला, आणि काही भाड्याच्या सायकलींना तर पेडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेक लागतो. आमच्यातले एक काका पहिल्याच सिग्नलला सवयीनं डावा ब्रेक करकचून दाबून हँडलवरून पुढे जाता जाता वाचले, वर म्हणतात "अरे, मागचाच दाबला रे मी!" म्हणून सायकल हातात आली की आधी पार्किंगमध्ये 15 मिनिटं नुसत्या चकरा मारा, तिकडच्या रस्त्यांसारखं उजव्या बाजूनं, वळणं पण घ्या.

दुसरं, इथूनच आपल्या सायकलचं पेडलपासून सीटच्या वरच्या टोकापर्यंतचं माप टेपनं घेऊन मोबाईलमध्ये ठेवा, तिकडे तेवढीच सीट सेट करायची, गुडघे वाचतात. पॅडवाली शॉर्ट्स घरूनच न्या, नवी कोरी नको.

आणि वाटेतल्या वाखाऊ खोऱ्यात घाई करू नका हां, तिथल्या मेल्क गावचा मठ बघायलाच अर्धा दिवस जातो, त्या दिवशी किलोमीटर कमी ठेवा. ग्रुपमध्ये सगळ्यात शेवटी एक दमदार माणूस हवाच, पंक्चर किट त्याच्याकडेच.