दोन संगणकांमध्ये फाइलींची ने-आण: पोर्टेबल साधन कसे निवडावे

दोन संगणकांमध्ये फाइलींची ने-आण करण्यासाठी पेन ड्राइव्ह किंवा पोर्टेबल डिस्क घ्यायचे ठरले, की बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती जीबीची घ्यावी?’ हा असतो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. ते साधन ज्या दोन संगणकांना जोडले जाणार आहे, त्यांपैकी जो अधिक जुना किंवा अधिक मंद असेल, त्याच्या मर्यादा आपोआप साधनाच्याही मर्यादा होतात. म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, यूएसबी पोर्ट कोणत्या आकाराचे आणि कोणत्या पिढीचे, हे एका कागदावर लिहून घ्यावे. त्यांपैकी एखादा संगणक कार्यालयाचा असेल, तर तेथे बाहेरचे साधन जोडण्याची परवानगी आहे का, याचीही आधीच चौकशी करावी. सुरक्षिततेच्या कारणासाठी अनेक ठिकाणी यूएसबी साठवण बंद केलेली असते आणि तसे असेल तर पुढचा सारा विचार व्यर्थ ठरतो.

पोर्टच्या बाबतीत आकार आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. टाइप-सी हे केवळ जोडणीच्या आकाराचे नाव आहे; त्यावरून वेग कळत नाही. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट इतकी असून प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइटच पदरात पडतात. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ५ गिगाबिटवर नेली. याच वेगाला पुढे ‘३.१ जेन १’ आणि नंतर ‘३.२ जेन १’ अशी नावे मिळाल्यामुळे वेष्टनावरील आकडे वाचताना गोंधळ होतो. तेव्हा नावाकडे न पाहता ५, १० किंवा २० गिगाबिट यांपैकी कोणता आकडा छापला आहे, तेवढाच पाहावा. पन्नास जीबींचे चित्रीकरण यूएसबी २.० च्या पोर्टमधून उतरवायला साधारण पंचवीस मिनिटे लागतात, तर चांगली एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) यूएसबी ३.० ला जोडली असता तेच काम दोन-अडीच मिनिटांत होते. मात्र दोन संगणकांपैकी एकाकडे जुनेच पोर्ट असेल, तर महागडी एसएसडी त्या बाजूला काहीही अधिक देऊ शकत नाही. केबलकडेही दुर्लक्ष करू नये, कारण फोन चार्ज करण्यासाठी मिळालेल्या टाइप-सी केबलांपैकी कित्येक केबलांतून माहिती यूएसबी २.० च्याच वेगाने जाते.

यानंतर साधनाचा प्रकार ठरवावा. कागदपत्रे, सादरीकरणे आणि थोडी छायाचित्रे एवढाच व्यवहार असेल, तर पेन ड्राइव्ह पुरेसा आहे. परंतु त्याच्या वेष्टनावर ठळकपणे छापलेला वेग सहसा वाचनाचा असतो आणि लिहिण्याचा वेग त्याहून बराच कमी असू शकतो. मोठ्या फाइली रोज न्यायच्या असतील, तर पोर्टेबल एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा कोणताही भाग नसल्यामुळे पिशवीतल्या धक्क्यांनी ती सहसा बिघडत नाही. पोर्टेबल हार्ड डिस्क कमी खर्चात भरपूर जागा देते, पण चालू असताना ती पडली किंवा तिला जोराचा धक्का बसला, तर आतल्या तबकड्यांना इजा होऊ शकते. म्हणून सतत प्रवासात नेण्यासाठी मी तिची शिफारस करणार नाही. हजारो लहान फाइली एकेक करून उतरवताना प्रत्येक फाइलीची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते आणि कोणतेही साधन मंदावते. अशा वेळी सगळा फोल्डर एका झिप फाइलीत बांधून न्यावा. पेन ड्राइव्हवर तर हा फरक फार ठळकपणे जाणवतो.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब, म्हणजे फाइल सिस्टिम किंवा फॉरमॅट, अर्थात साधनावर फाइली मांडून त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत. साधन कितीही उत्तम असले, तरी त्याचे फॉरमॅट एका संगणकाला कळत नसेल तर त्याचा उपयोग नाही. फॅट३२ जवळपास सर्वत्र चालते. परंतु त्यात फाइलीचा आकार ३२ बिटांत नोंदवला जात असल्यामुळे चार जीबीची किंवा त्याहून मोठी एकही फाइल त्यावर मावत नाही, मग डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असले तरीही. एनटीएफएस हे विंडोजचे स्वतःचे फॉरमॅट आहे. मॅकवर ते वाचता येते, पण वेगळे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय त्यावर लिहिता येत नाही. याउलट मॅकच्या एपीएफएस फॉरमॅटमधील डिस्क विंडोजला वाचता येत नाही आणि ती जोडल्यावर कधी कधी ‘फॉरमॅट करायचे का?’ अशी विचारणा होते. तेथे घाईने होकार दिल्यास डिस्कवरील माहिती हातची जाते, म्हणून ही सूचना दुसऱ्या संगणकावर बसणाऱ्या व्यक्तीलाही आधीच देऊन ठेवावी.

एक संगणक विंडोजचा आणि दुसरा मॅकचा असेल, तर एक्सफॅट निवडावे. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेले हे फॉरमॅट दोन्हीकडे वाचता-लिहिता येते, त्यात चार जीबींची अडचण नाही आणि २०१९ मध्ये त्याचा तपशील खुला झाल्यानंतर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्येही (गाभ्यातही) त्याची सोय झाली. तथापि एक्सफॅट सरसकट वापरावे, असे मी म्हणणार नाही. एनटीएफएस आणि एपीएफएसमध्ये अपुरे राहिलेले बदल सावरण्याची जी व्यवस्था असते, ती एक्सफॅटमध्ये नाही. त्यामुळे लिहिणे चालू असताना साधन उपटले, तर फोल्डरची रचनाच बिघडण्याचा धोका अधिक असतो. दोन्ही संगणक विंडोजचे असतील तर एनटीएफएस, दोन्ही मॅकचे असतील तर एसएसडीसाठी एपीएफएस ठेवावे, आणि एक्सफॅट असेल तेथे ‘इजेक्ट’ (साधन सुरक्षितपणे वेगळे करण्याची आज्ञा) केल्याशिवाय साधन काढू नये, हा नियम कसोशीने पाळावा. फॉरमॅट करताना आधीची माहिती पुसली जाते, म्हणून हे काम नवे साधन हाती येताच उरकून घ्यावे.

साधन हरवण्याची शक्यता गृहीत धरूनच खाजगी फाइलींची व्यवस्था लावावी. विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशी केलेली डिस्क मॅकवर सहजासहजी उघडत नाही. व्हेराक्रिप्ट हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालते, पण ते दोन्ही संगणकांवर बसवावे लागते आणि त्यासाठी बहुधा प्रशासकाचे अधिकार लागतात. मोजक्याच फाइली असतील, तर सेव्हन-झिप या फाइली बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड घालून एईएस-२५६ या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीने बांधलेली फाइल नेणे अधिक सुटसुटीत पडते.

क्षमतेचा हिशेब आता करावा. सर्वांत मोठ्या एका फेरीत जेवढी माहिती न्यावी लागते, तिच्या दुप्पट जागा पुरेशी होते, कारण हे साधन वाहतुकीसाठी आहे, साठवणीसाठी नव्हे. मूळ प्रत नेहमी एका ठरलेल्या संगणकावर असावी आणि साधनावर फाइल ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावी. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, यात फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. खरी फसवणूक वेगळी असते. काही बनावट पेन ड्राइव्ह प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा कितीतरी अधिक जागा दाखवतात आणि खरी मर्यादा ओलांडल्यावर लिहिलेली माहिती मुकाट्याने नष्ट होते. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही साधने संपूर्ण जागा भरून पुन्हा वाचून पाहतात आणि खरी क्षमता सांगतात.

ही तपासणी वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी करावी, आणि त्याच दिवशी पाच-सहा जीबींची एक फाइल व हजारभर लहान फाइलींचा एक फोल्डर पहिल्या संगणकावरून साधनावर घेऊन दुसऱ्यावर उतरवावा, तेथे काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि एक बदललेली फाइल उलट दिशेने परत आणून पाहावी.