हेडलाइटचा उजेड कमी पडतोय? बल्ब बदलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन ठरलेला. "रात्री काहीच दिसत नाही रे, कुठला एलईडी टाकू?" म्हणजे निदान यानेच केलंय, औषधही यानेच ठरवलंय, मी फक्त ब्रँड सांगायचा. अरे बाबा, काच पुसलीस का आधी? ओल्या फडक्याने नीट पुसली तरी निम्म्या लोकांची तक्रार संपते.

तर पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक: हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब कोंबणे. रिफ्लेक्टरचा आकार ठरलेलाच असतो फिलामेंटच्या, म्हणजे बल्बमधल्या तापून उजेड देणाऱ्या तारेच्या जागेवरून. एच4, म्हणजे अप्पर आणि डिपर एकातच असलेला हॅलोजन बल्ब हातात घेऊन बघा, आत दोन फिलामेंट असतात, एक अप्परचं (लांबचा उजेड) आणि एक डिपरचं (जवळचा, खाली पडणारा), आणि डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती वाटी उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडू देत नाही म्हणून डिपरचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. एलईडीत फिलामेंटच्या जागी पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप, एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की सगळा फोकस फिस्कटतो. बॉनेटपुढे पांढराशुभ्र उजेड पडतो आणि गडी खूश, "बघ काय पडतोय!" पण जवळच एवढा लख्ख उजेड असला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं आणखीच दिसेनासं होतं. धुक्यात तर विचारूच नका, वर उधळलेला उजेड सगळा परत आपल्याच तोंडावर. कंपनीतून एलईडी लाइट आलेल्या गाड्यांचं वेगळं आहे, त्यांचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्याच हिशोबाने बनवलेली असते.

दुसरी चूक याच जातीची. साध्या 60/55 वॅटच्या (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा) जागी 100/90 चे बल्ब, तेही कंपनीच्या मूळ वायरिंगवर. आमच्या मावसभावाने जुन्या हॅचबॅकला हेच केलं होतं. एक्सेसरीजवाला म्हणाला, "काही होत नाही साहेब, सगळे टाकतात." ऐन ऑगस्टात रात्री ताम्हिणी उतरत होतो, मी शेजारच्या सीटवर, बाहेर धुकं आणि रिपरिप. आधी प्लास्टिक जळल्याचा वास आला, भाऊ म्हणतो बाहेरून येतोय. घाटात बाहेरून कुठून येणार? थोड्या वेळाने डावा डिपर गेला, मग उजवा. बॉनेट उघडून बघतो तर कपलर, म्हणजे बल्बच्या मागे बसणारा वायरिंगचा प्लग, वितळून बल्बच्या पिनांना चिकटलेला. डिकीत नवीन बल्ब होता हो, पण लावणार कशात? अप्पर एका बाजूचा चालू होता, पण धुक्यात अप्पर म्हणजे समोर पांढरा पडदाच, शेवटी पार्किंग लाइट लावून एका टेम्पोच्या मागच्या लाल दिव्यांना धरून हळूहळू माणगाव गाठलं.

हिशोब सोपा आहे. 55 वॅटचा डिपर साधारण साडेचार अँपिअर ओढतो, 90 चा साडेसात. वायर आणि पिना त्याच, आणि उष्णता वाढते करंटच्या वर्गाने, म्हणजे अडीचपटीहून जास्त. वितळणार नाही तर काय होणार?

जुन्या गाडीत उजेड खरोखरच कमी वाटत असेल तर मी आधी मल्टिमीटर काढतो. इंजिन चालू, लाइट चालू, बॅटरीवर व्होल्टेज बघायचं आणि मग कपलरच्या मागून पिनेवर बघायचं. बॅटरीवर 14 आणि कपलरवर 12 मिळत असेल तर बल्ब बिचारा काय करणार. व्होल्टेज 10 टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड जवळपास 30 टक्के घटतो. त्यावर इलाज रिले किट, म्हणजे लाइटचं बटण फक्त रिले नावाचा स्विच चालू करतं आणि बल्बला करंट मिळतो बॅटरीवरून थेट जाड वायरने, मध्ये फ्यूज, सिरॅमिक होल्डर, आणि बल्ब तोच 60/55. अर्थिंगची गंजलेली पट्टी घासून घट्ट करायची ते वेगळंच, कितीतरी वेळा तेवढ्यावरच भागतं. पण हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण यात दाखवण्यासारखं काहीच नाही.

घरी बल्ब बदलणाऱ्यांची घाई हा आणखी एक ताप. एच4 ला तीन कान असतात, वरचा रुंद, तो खाचेत नीट बसल्याशिवाय तारेची क्लिप लावूच नका. वाकडा बसवला की एक लाइट रस्त्यावर आणि दुसरा झाडावर. मागचं रबरी बूटही परत बसवा, बऱ्याच बुटांवर 'टॉप' लिहिलेलं असतं ती बाजू वर. "नंतर बसवू" म्हणून ठेवलेलं बूट मी गॅरेजच्या फळीवरच पाहिलंय, आणि इकडे धूळ-पाणी आत जाऊन रिफ्लेक्टर काळवंडलेला. तो पुसून उजळत नाही, पुसायला गेलात तर चकाकीच निघून येते.

बल्बच्या काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटने पुसा. एक गेला की दोन्ही बदला. वरचेवर उडत असतील तर बल्बला शिव्या देण्याआधी चार्जिंग तपासा, 15 व्होल्टच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय.

डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांचं चाक असतं, ते शोभेचं नाही. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा आकडा वाढवायचा म्हणजे लाइट खाली येतो. समोरचे सगळेच तुमच्यावर लाइट मारत असतील तर सगळेच माजलेले नसतात.

आणि ते टूथपेस्ट. पिवळी पडलेली काच म्हणजे पॉलिकार्बोनेटवरचा यूव्ही कोट गेलेला असतो. टूथपेस्टने चमकते, फोटो छान येतो, थोड्या दिवसांत परत पिवळी. करायचंच तर 1000, 2000, 3000 नंबरचा वॉटर पेपर (बारीक सँडपेपर) त्याच क्रमाने पाणी मारत घासा, मग पॉलिश, आणि वरून यूव्ही क्लिअर कोट. तो शेवटचा कोट टाळणार असाल तर घासूच नका, उरलासुरला थरही जाईल.